फॉरमॅट मारण्याआधी: विसरलेला पासवर्ड, अडलेला पिन आणि आतल्या किल्ल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आईचा लॅपटॉप विंडोज ११चा आहे. तीन वर्षं ती रोज पिन टाकून तो उघडायची. परवा एका अपडेटनंतर 'पिन उपलब्ध नाही' असा संदेश आला आणि आता तो पासवर्ड मागतो. पासवर्ड कधी ठेवला होता हेच तिला आठवत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आत बाबांचे फोटो आहेत, ते दुसरीकडे कुठेही नाहीत. पासवर्ड काढून टाकायचा काही उपाय आहे का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?"

ताई, फॉरमॅट करू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत फोटो परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. त्यासाठी लॅपटॉप 'फोडावा' लागेलच असं नाही. मी वीस-एक वर्षं लोकांचे संगणक दुरुस्त करतो आहे. पासवर्ड विसरल्यामुळे डेटा गेला अशा तक्रारी पुष्कळ येतात. खोलात गेलं की बहुतेक वेळा दिसतं ते असं, की डेटा विसरण्याने गेला नव्हता, नंतरच्या घाईने गेला. म्हणून कुणालाही मशीनला हात लावू देण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: खातं कुठल्या प्रकारचं आहे, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद केलेली, आहे का. पुढचं सगळं या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

पण त्याच्याही आधी, पासवर्ड खरंच विसरला आहे का ते बघा. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. पासवर्ड तोंडपाठ, कागदावरही लिहिलेला, आणि मशीन तो घेत नव्हतं. पासवर्डच्या खणाच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की टाइप केलेली अक्षरं दिसतात. त्यांनी पासवर्ड टाकला, मी डोळा दाबला, तर ॲटच्या चिन्हाच्या जागी दुहेरी अवतरण चिन्ह उमटलेलं. कीबोर्डची मांडणी अमेरिकन होती ती ब्रिटिश झाली होती, आणि त्या मांडणीत शिफ्ट आणि २ दाबल्यावर अवतरण चिन्ह येतं. मांडणी बदलली आणि मशीन उघडलं. मराठीत टाइप करणाऱ्यांच्या संगणकावर तर दोन-तीन मांडण्या कायम असतात, आणि विंडोजची कळ व स्पेसबार चुकून एकत्र दाबले गेले की मांडणी पालटते. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती आधी बघा. कॅप्स लॉक बघा. छोट्या कीबोर्डवर नम लॉक लागला असेल तर काही अक्षरांच्या जागी आकडे पडतात. एखादी कळ मेली असल्याची शंका असेल तर तिथेच मिळणारा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि माऊसने अक्षरं दाबा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

मात्र अंदाजाने शंभर पासवर्ड टाकत बसू नका. विंडोज ११ची २०२२ पासूनची आवृत्ती नव्याने बसवलेल्या मशीनवर १० मिनिटांत १० चुका झाल्या की लोकल खातं, म्हणजे फक्त त्या मशीनवरचं खातं, १० मिनिटांसाठी बंद होतं. पिनच्या चुका झाल्या तर मशीन मधेच 'ए१बी२सी३' टाइप करायला लावतं. कीबोर्डवर खरंच माणूस बसला आहे आणि कळा नीट चालतात, एवढीच त्यातून खात्री करायची असते. पिन ज्या टीपीएम चिपच्या, म्हणजे मशीनमधल्या किल्ल्या जपणाऱ्या छोट्या चिपच्या, भरवशावर चालतो ती चुका मोजते. तिची मर्यादा साधारणपणे ३२ चुकांची, आणि दर १० मिनिटांनी ती एक चूक माफ करते. चार-सहा आकडी पिन पुरेसा का ठरतो याचं कारण हेच. तो त्या एका मशीनबाहेर कुठेही उपयोगाचा नाही, आणि भराभर हजार अंदाज करायला चिप वाव देत नाही.

पिन आणि पासवर्ड एकच आहेत असं खूप जण धरून चालतात. तसं नाही. पिन हा त्या लॅपटॉपपुरता परवाना, आणि पासवर्ड खात्याचा. तुमच्या आईंनी तीन वर्षं फक्त पिन वापरला, त्यामुळे पासवर्ड त्यांच्या बोटांतून गेला. यात त्यांची काही चूक नाही, व्यवस्थाच तशी बेतलेली आहे. अपडेटमध्ये मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे त्यातच बसवलेला मूळ प्रोग्रॅम, बदललं किंवा चिपमधली माहिती पुसली गेली की पिन निकामी होतो आणि मशीन खात्याच्या मूळ पासवर्डकडे परत जातं. 'पिन उपलब्ध नाही' या संदेशामागे बहुधा हेच असतं.

आता खातं ओळखू. विंडोजमध्ये घरगुती वापराचं खातं दोन प्रकारचं असतं: मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन खातं, ज्याला ईमेल पत्ता जोडलेला असतो, आणि लोकल खातं, जे फक्त त्या मशीनवरच राहतं. पिन दोन्हींना लावता येतो, म्हणून पिन होता एवढ्यावरून काही ठरत नाही. एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा. खाली 'आय फरगॉट माय पासवर्ड' असं आलं तर खातं ऑनलाइन आहे. 'रीसेट पासवर्ड' असा दुवा किंवा सूचक शब्द आला तर लोकल. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याचाच आग्रह धरतं, त्यामुळे आईंचं खातं ऑनलाइन असावं असा माझा अंदाज आहे. लॅपटॉप घेतला तेव्हा तो कुणी सुरू करून दिला आणि ईमेल कुणाचा टाकला, हे विचारा. दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःचाच ईमेल टाकून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

खातं ऑनलाइन असेल तर लॅपटॉप बाजूला ठेवा आणि फोन हातात घ्या. मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन पानावर आईंचा ईमेल टाकून 'पासवर्ड विसरलो' निवडा. खात्याला जोडलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कोड येईल, तो टाकला की नवा पासवर्ड ठेवता येतो. इथे एका जागी फार लोक अडकतात. फोनवर पासवर्ड बदलला, लॅपटॉपवर नवा टाकला, तर तो म्हणतो चुकीचा. लॅपटॉपला इंटरनेट नसेल तर झालेला बदल त्याला कळलेलाच नसतो, तो त्याच्याजवळ साठवलेल्या जुन्या पासवर्डशीच ताडून बघतो. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह आहे, तिथून वायफाय जोडा, अर्धा मिनिट थांबा आणि मग नवा पासवर्ड टाका. वायफाय जोडलं जात नसेल तर फोन केबलने लावून त्याचं इंटरनेट द्या.

जोडलेला मोबाइल नंबर बंद झाला असेल तर वाट लांबते, पण संपत नाही. मायक्रोसॉफ्टचा खाते परत मिळवण्याचा एक फॉर्म आहे. त्यात जुने पासवर्ड, कुणाला ईमेल पाठवले, त्यांचे विषय काय होते, असं विचारतात. हा फॉर्म आईंना शेजारी बसवून भरा, आणि शक्यतो त्यांच्या नेहमीच्या जागेवरून, ओळखीच्या उपकरणावरून. खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा मागणारी सोय, लावलेली असेल तर हा फॉर्म चालत नाही. तेव्हा २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड जपून ठेवला असेल तरच उपयोग होतो. आणि पडताळणीची सगळी जुनी साधनं टाकून नवी घातलीत तर ३० दिवस थांबावं लागतं. त्या मुदतीत कुणी घाई केली, 'आम्ही आत्ता उघडून देतो' म्हणाला, तरी थांबा. नेटवर शोधून सापडलेल्या मदतीच्या फोन नंबरांवर अजिबात भरवसा ठेवू नका. आलेला कोड समोरचा माणूस फोनवर विचारत असेल तर तो खातं चोरतो आहे.

या वाटेने पासवर्ड हाती आला की लॅपटॉप उघडण्याआधी फोनवरूनच वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवायची जागा, उघडून बघा. विंडोज अनेकदा पिक्चर्सचं फोल्डर न सांगता तिथे चढवत असतं. मोफत जागा ५ जीबीच असल्याने सगळे फोटो असतीलच असं नाही, पण बाबांचे काही फोटो तुम्हाला लॅपटॉपला हात न लावताही तिथे सापडू शकतात.

आता लोकल खातं निघालं तर. विंडोज १०च्या २०१८मधल्या आवृत्तीपासून लोकल खातं उघडताना तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, अशा थाटाचे. 'रीसेट पासवर्ड' दाबल्यावर तेच प्रश्न समोर येतात, उत्तरं जुळली की नवा पासवर्ड. दुसरा मार्ग पासवर्ड रीसेट डिस्कचा. नाव डिस्क असलं तरी तो एक साधा पेनड्राइव्ह असतो आणि त्यावर एक छोटी फाइल असते. ती आधी बनवून ठेवलेली असावी लागते, पण एकदा बनवली की नंतर पासवर्ड कितीही वेळा बदला, चालते. तिसरा मार्ग, त्याच मशीनवर दुसरं ॲडमिन खातं, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं खातं, असेल तर त्यातून आत जायचं, कंट्रोल पॅनेलमधल्या यूजर अकाउंट्समध्ये 'मॅनेज अनदर अकाउंट' उघडायचं आणि नवा पासवर्ड ठेवायचा. हा तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. मी सगळ्यात मोठी चूक केली ती याच वाटेवर.

ही चूक सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या 'काढून टाकायचा' या शब्दाशी तिचा थेट संबंध आहे. सुरुवातीच्या काळात हिशेबाचं काम करणाऱ्या एका बाईंचा संगणक माझ्याकडे आला होता. विंडोज प्रोफेशनल, लोकल खातं, पासवर्ड विसरलेला. मी ॲडमिन खात्यातून आत गेलो आणि नवा पासवर्ड टाकला. पिवळ्या त्रिकोणाची एक सूचना आली. अशा सूचना दिवसातून पन्नास येतात म्हणून न वाचता ओके दाबलं. बाईंच्या खात्यात शिरलो, सगळं जागच्या जागी दिसत होतं. एका फोल्डरमधल्या फाइलींची नावं मात्र काळ्याऐवजी हिरव्या रंगात होती. एक उघडायला गेलो तर 'ॲक्सेस डिनाइड'. दुसरी, तिसरी, तेच. हिरवा रंग म्हणजे विंडोजने त्या फाइली आतून एन्क्रिप्ट केलेल्या होत्या, आणि त्यांची किल्ली जुन्या पासवर्डला बांधलेली होती. मी न वाचलेल्या सूचनेत नेमकं हेच लिहिलं होतं, की असं केल्यास या खात्याच्या एन्क्रिप्ट केलेल्या फाइली, वैयक्तिक प्रमाणपत्रं आणि साठवलेले पासवर्ड हातचे जातील.

पासवर्ड 'बदलणं' आणि 'रीसेट करणं' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून तुम्ही स्वतः पासवर्ड बदलता तेव्हा विंडोज आधी जुना विचारतं. जुन्या पासवर्डने ते आतल्या किल्ल्यांचा डबा उघडतं आणि नव्या पासवर्डने तो पुन्हा बंद करतं. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, नेटवर्कची ओळखपत्रं, प्रमाणपत्रं यांच्या किल्ल्या याच डब्यात असतात. बाहेरून कुणी रीसेट केलं तर जुना पासवर्ड कुणी सांगितलेलाच नसतो. दाराचं कुलूप नवं बसतं, डब्याचं मात्र जुनंच राहतं. दार उघडल्यामुळे काम झालंसं वाटतं, आणि डबा बंद आहे हे चार दिवसांनी कळतं.

त्या बाईंचं नशीब चांगलं होतं. तीन दिवसांनी त्यांना जुनी वही सापडली, तिच्या शेवटच्या पानावर पासवर्ड होता. मी खात्याला तोच जुना पासवर्ड पुन्हा लावला, मशीन बंद करून सुरू केलं, आणि हिरव्या नावाच्या फाइली उघडल्या. डबा फुटलेला नव्हता, नुसता बंद होता. म्हणून रीसेट झाल्यानंतरही जुना पासवर्ड आठवला किंवा कुठे सापडला तर तो टाकून देऊ नका, आणि मधल्या काळात मशीन पुसू नका. तेव्हापासून मी रीसेट करण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारतो: ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांची दुसरीकडे नोंद आहे का, आणि कुठलं फोल्डर तुम्ही मुद्दाम एन्क्रिप्ट केलं होतं का. साधे फोटो आणि कागदपत्रं या डब्यात नसतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत रीसेटने फोटोंना धक्का लागणार नाही. आईंचे साठवलेले पासवर्ड जाऊ शकतात.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून पासवर्ड पुसणारी साधनं असतात, दुरुस्तीवाले ती सर्रास वापरतात. लोकल खात्याच्या पासवर्डचा ठसा विंडोजच्या सिस्टीम ३२ फोल्डरमधल्या सॅम नावाच्या फाइलीत असतो, ही साधनं तिथला ठसा पुसतात. परिणाम वर सांगितलेल्या रीसेटसारखाच, डब्यासकट. तुम्हाला फक्त फोटो हवे असतील तर त्याचीही गरज नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, किंवा पेनड्राइव्हवरचं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करा, आणि यूजर्समधल्या आईंच्या नावाच्या फोल्डरमधून फोटो उचला. पासवर्ड कुणी विचारणारही नाही. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो, पण खरं तेच आहे: एन्क्रिप्शन नसलेल्या मशीनवर लॉगिनचा पासवर्ड घरातल्या माणसाला थांबवतो, मशीन उचलून नेणाऱ्याला नाही.

एन्क्रिप्शन असेल तर चित्र पालटतं. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, किंवा होम आवृत्तीत ज्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात ते, आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपवर आपोआप चालू झालेलं असतं, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की तिच्यावर कुलपाचं चिन्ह दिसतं आणि ती रिकव्हरी की मागते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी बंद करणं, टीपीएम पुसणं असले प्रयोग केलेत तर लॅपटॉप स्वतःच ती मागायला लागेल. म्हणून किल्ली हातात आल्याशिवाय बायोसला हात लावू नका, दुरुस्तीवाल्यालाही सांगा. ही किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. खातं ऑनलाइन असेल तर ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात, उपकरणांच्या पानावर ठेवलेली असते. एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर किल्ली मागणाऱ्या निळ्या पडद्यावरच्या की आयडीची (किल्लीच्या ओळखक्रमांकाची) पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती घ्या.

या किल्लीची एक खुबी कामाची आहे. सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ने नि:शेष भागला जातो. एका आजोबांनी ४८ आकडे डायरीत देवनागरीत उतरवून ठेवले होते, आणि एका गटात चौथा आकडा १ आहे की ९ ते कळेना. समजा गट होता ४२३१९२. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवा: ४, ३ आणि ९, म्हणजे १६. दुसरा, चौथा, सहावा मिळवा: २, १ आणि २, म्हणजे ५. फरक ११, म्हणजे गट बरोबर. तिथे ९ धरला तर दुसरी बेरीज १३ होते, फरक ३ उरतो, म्हणजे गट चुकीचा. फरक शून्य किंवा ११च्या पटीत आला पाहिजे. पुसट कागदावरचा एखाददुसरा आकडा मी असा अनेकदा सोडवला आहे.

किल्ली कुठेच नसेल आणि खात्यातही शिरता येत नसेल, तर तो डेटा कुणालाही काढता येत नाही. दुरुस्तीवाल्याला नाही, बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण म्हणूनच डिस्क पुसूही नका. किल्ली कधी कधी वर्षभराने जुन्या पेनड्राइव्हवर किंवा छापील कागदांत सापडते.

मॅक आणि लिनक्सवरही गोष्ट याच धर्तीवर चालते, म्हणून थोडक्यात सांगतो. मॅकवर काही वेळा चुकलात की ॲपल खात्याने किंवा रिकव्हरी कीने रीसेट करायचा पर्याय येतो. फाइलव्हॉल्ट या मॅकच्या डिस्क-एन्क्रिप्शनची ही की २४ अक्षरांची असते. रीसेटनंतर जुनं लॉगिन कीचेन, म्हणजे मॅकचा किल्ल्यांचा डबा, जुन्या पासवर्डवरच राहतं, आणि मॅक नवं कीचेन बनवून देतो. लिनक्सवर ग्रब या सुरू होतानाच्या मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये जाऊन रूट, म्हणजे तिथला ॲडमिन, म्हणून पासवर्ड बदलता येतो. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तिथे घाबरून अर्धवट सोडू नका. नंतर आत शिरल्यावर कीरिंग, म्हणजे लिनक्समधला साठवलेल्या पासवर्डांचा डबा, जुना पासवर्ड मागतं, त्याचं कारणही तोच डबा. लक्स ही लिनक्सची सोय वापरून डिस्क एन्क्रिप्ट केली असेल आणि तिचा परवलीचा शब्द गेला असेल तर मागचं दार नाही. बायोसचा पासवर्ड हे वेगळंच प्रकरण आहे. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डची छोटी बॅटरी काढून तो जायचा, आजच्या लॅपटॉपवर बहुधा जात नाही. खरेदीची पावती घेऊन उत्पादकाकडे जावं लागतं.

आता पुढची व्यवस्था. लॅपटॉप उघडला की सगळ्यात आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा, बाकीचं नंतर. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली एक दुसरं लोकल खातं बनवा, त्याला ॲडमिनचे अधिकार द्या आणि ते रोज वापरू नका. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला कचेरीतल्या टेबलासाठी ठीक होता. घरी बंद कपाटातला कागद नेटवरच्या चोराच्या हाती लागत नाही, आणि विसरण्यावर त्याच्याइतका खात्रीचा इलाज मला माहीत नाही. त्याच पाकिटात बिटलॉकरची की, मायक्रोसॉफ्ट खात्याचा रिकव्हरी कोड आणि जोडलेले ईमेल व मोबाइल नंबर लिहून ठेवा. नंबर बदलला की त्याच दिवशी खात्यातही बदला. वर्षातून एकदा पाकीट उघडून राखीव खात्यात खरंच शिरता येतं का ते तपासा.

आईंचं रोजचं खातं ॲडमिन नसून साधं ठेवलंत तर आणखी बरं. चुकून काही बसवलं जात असेल तर मशीन आधी ॲडमिनचा पासवर्ड मागेल. घरात दुसरं कुणी तो लॅपटॉप वापरत असेल तर त्यालाही वेगळं खातं द्या. एकच खातं चौघांत वापरलं की पासवर्ड कुणी बदलला हे कुणालाच माहीत नसतं.

पासवर्ड कसा असावा? दर महिन्याला बदलायची गरज नाही. अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७मध्ये ठरावीक मुदतीने बदलायची आणि चिन्हं-आकडे कोंबायची सक्ती नको असं स्पष्ट सांगितलं. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, त्यातून काही साधत नाही. पासवर्ड कुणाला कळल्याची शंका आली की मात्र लगेच बदला. लांबी महत्त्वाची आहे. चार-पाच असंबद्ध शब्द जोडा, पण ते डोक्यातून काढू नका, डोक्यातले शब्द एकमेकांना चिकटून येतात. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये फासे टाकून शब्द निवडायची पद्धत काढली. पाच फाशांच्या एका फेकीला ७७७६ शब्दांतला एक शब्द. फासे नसतील तर एखादं जाड पुस्तक पाच वेगळ्या ठिकाणी डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. गाण्याची ओळ, देवाचं नाव, नातवाचा वाढदिवस हे नको, अंदाज करणारे तिथूनच सुरुवात करतात.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिणार असाल तर एक अडचण मी वारंवार पाहिली आहे. 'पाऊस' लिहिताना ए एकदा की दोनदा, ऊसाठी यू की दोन ओ, हे ठेवताना एक सुचतं आणि सहा महिन्यांनी दुसरं. म्हणून आधीच नियम करा, की दीर्घ स्वरालाही एकच अक्षर, आणि पाकिटातल्या कागदावर पासवर्ड रोमन अक्षरांतच लिहा.

आणि पिन पुन्हा लावलात तरी महिन्यातून एकदा 'साइन-इन ऑप्शन्स'मधलं किल्लीचं चिन्ह निवडून आईंना पासवर्डने आत जायला सांगा. नवा पासवर्ड तुम्ही टाइप करून देऊ नका. त्यांनाच बसवा, डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं बघू द्या, त्या दिवशी तीनदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, कागद न बघता.